सायकली गावाच्या मालकीच्या हव्यात

एरंडोलमध्ये भाड्याच्या सामायिक सायकली सुरू व्हाव्यात, मात्र त्या कंपनीच्या भरवशावर नव्हे तर नगरपालिकेच्या मालकीच्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये औंध आणि विद्यापीठ परिसरात ही सेवा मोठ्या उत्साहात सुरू झाली. परदेशी कंपन्याही उतरल्या. पण त्यांपैकी ओफोने २०१८ मध्येच देशातून गाशा गुंडाळला आणि पुढे पुण्याच्या रस्त्यांवरून या सायकली दिसेनाशा झाल्या. कंपनीचा हिशेब बदलला की नागरिकांची सोय संपते, हाच त्याचा अर्थ. म्हैसूरने मात्र २०१७ मध्येच ‘ट्रिन ट्रिन’ ही सामायिक सायकल सेवा महापालिकेची योजना म्हणून ठरावीक स्थानकांसह उभी केली. आपल्याला तोच मार्ग जवळचा आहे.

खानदेशच्या उन्हात सायकल कोण चालवणार, असा आक्षेप येईल. पण खेड्यांतून एसटीने येणारा विद्यार्थी त्याच उन्हात बसस्थानकापासून पायपीट करतो. त्याला सायकल मिळाली तर उन्हातला वेळ कमीच होईल. खर्चाचा प्रश्न खरा आहे, म्हणून सुरुवात मोजक्या सायकलींनी व्हावी आणि रविवारी जवळच्या पद्मालय देवस्थानापर्यंत सामूहिक सायकलफेरी काढून लोकांना सवय लावावी व त्यांची भीड मोडावी. मात्र गावाजवळून जाणाऱ्या चौपदरी महामार्गावर सायकलस्वाराला सुरक्षित ओलांडणी नसेल, तर ही योजना जिवावर बेतेल. नगरपालिकेने येत्या अर्थसंकल्पात सायकलींची तरतूद करावी आणि महामार्ग प्राधिकरणाने आधी ओलांडणीची हमी द्यावी.