ओट्याचा दगड

आमच्या नांदूरघाटच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे. ओटा बदलायचा. दादाला आरशासारखा काळाभोर ग्रॅनाइट हवाय, वहिनीला ठिपक्यांचा करडा, आणि आईला काहीच नकोय, आहे तो कडप्पा बरा आहे. तिघांचेही मला वेगवेगळे फोन येऊन गेले. पुण्यात बसलेल्या माणसाला गावच्या घराबद्दल मत असतंच (फुकट असतं ना!), म्हणून म्हटलं इथेच लिहून टाकावं. नातेवाईक मंडळी वाचतातच, निरोप पोचेल.

तशी ओटा ही आमच्या घरात नवीनच गोष्ट. माळवदाच्या जुन्या घरात चूल खाली होती, आजी आणि आई खाली बसूनच सगळं करायच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचं घर पडलं नाही, पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेल्याचं ऐकल्यावर माळवदाखाली झोपायची कुणाची हिंमत होईना. पुढे दोन-तीन वर्षांत वडिलांनी स्लॅबचं घर बांधलं आणि त्यात कडप्प्याचा ओटा आला. दगड आणायला वडील आणि काका गेले. उंची गवंड्याने स्वतःच्या कमरेच्या अंदाजाने ठरवली. आई पाच फुटांच्या आतली. त्यावर शेगडी ठेवली की कढई तिच्या छातीशी येते. तीस वर्षं ती खांदे वर ओढून भाजी हलवतेय, आणि भाकरी मात्र अजूनही खाली बसून काटवटीतच थापते. आम्ही म्हणायचो, हिला सवय सुटत नाही. सवयीचा काय संबंध! त्या उंचीवर भाकरी थापताच येत नाही तिला. "मला कोन इचारलं व्हतं?" असं ती हसत म्हणते. त्यात तक्रार नसते, म्हणूनच ते जास्त लागतं.

आता दगडाकडे येतो. आपल्या पायाखाली सगळा काळा कातळ, बेसाल्ट. जातं, पाटा-वरवंटा, उखळ त्याचंच. पण त्याच्या सरळ पातळ फरशा निघत नाहीत. म्हणून शहाबादी फरशी येते कलबुर्गी जिल्ह्यातून आणि कडप्पा आंध्रातून. हे दोन्ही चुनखडीचे, थरांचे दगड. थर सुटतात म्हणून फरशा सहज निघतात, आणि चुनखडी म्हणून आंबट पदार्थांशी त्यांचं कधीच जमत नाही. लिंबू, चिंच, ताक सांडून तसंच राहिलं की चकाकी जाऊन पांढुरका ठिपका पडतो. आपण त्याला डाग समजून घासत बसतो. तो डाग नसतोच मुळी, दगडच तेवढा खाल्ला गेलेला असतो. घासून काय निघणार?

हे ज्ञान मला स्वतःच्या पराक्रमातून मिळालंय. कॉलेजात असताना एका दिवाळीला आईला मदत म्हणून मी संडास धुवायचं ॲसिड ओट्यावर ओतलं होतं. मस्त फेस आला, मला वाटलं मळ निघतोय. वाळल्यावर अख्खा ओटा राखेच्या रंगाचा! वडील खूप बोलले. आई काही बोलली नाही, नंतर कितीतरी महिने रोज रात्री तेलाचा हात फिरवत राहिली. तेलाने रंग दिवसभर गडद दिसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खरं तर पॉलिशवाल्याला बोलावून वरचा थर घासून घ्यायला हवा होता. कुणाला सुचलं नाही.

म्हणून माझं मत ग्रॅनाइटलाच आहे. लिंबाचिंचेचं त्याला काही वाटत नाही, गरम पातेलंही सोसतो. पण दादा, तो आरशासारखा काळा नको. आपल्याकडे बोअरचं जड पाणी. थेंब वाळला की पांढरा क्षार मागे राहतो आणि काळ्या चकचकीत दगडावर तो दुरून दिसतो. दुकानात त्यावर पाणी सांडत नाही, घरात दिवसभर सांडतं. तो चकचकीत ठेवायला दिवसातून दहा वेळा कोरडं फडकं कोण फिरवणार आहे? तू?

गंमत म्हणजे बाजारातला 'ब्लॅक ग्रॅनाइट' बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच, तो डोलेराइट असतो, म्हणजे आपल्या कातळाचाच चुलतभाऊ. असो. काळाच घ्यायचा झाला तर निदान पांढऱ्या चिंधीवर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन पुसून बघ. चिंधी काळी झाली तर रंग मारलेला माल आहे. आणि वहिनीचा करडा घेतलात तर तुकड्यावर पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवा. दगड तिथे गडद झाला तर तो पाणी पितो, म्हणजे हळदीचं तेलही पिणार. मग दुसरा बघा, नाहीतर सीलर लावून घ्या आणि काही वर्षांनी पुन्हा लावा. रोज साध्या साबणाच्या ओल्या फडक्याने पुसलं की पुरे. बादल्यांनी धुवायची गरज नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घरात तर नाहीच. आणि सिंकच्या भोकाजवळ खलबत्ता कुटू नका, तडा जातो तो तिथेच.

आणखी एक. मिस्त्री सिंकचं भोक दारात बसून कोरड्याच ग्राइंडरने कापतो, तोंडाला फक्त रुमाल. ग्रॅनाइटच्या त्या धुळीत क्वार्ट्झ असतं, ते फुप्फुसात जाऊन बसतं आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांची धूळ तर याहून वाईट, ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांच्यावर बंदीच घातली. तेव्हा कापताना पात्यावर पाणी सोडायला सांगा, एक तांब्या घेऊन कुणीतरी शेजारी उभं राहा. मुलं घरात ठेवा.

राहिली उंची. वहिनीला ओट्याच्या जागी उभं करा, कोपर वाकवायला सांगा, आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली भिंतीवर खडूची रेघ मारा. शेगडीची जागा आणखी खाली घ्या. दगड आणायलाही तिलाच घेऊन जा, तू गाडी चालव.

आणि जुना कडप्पा टाकू नका. त्यातला चांगला दोन-अडीच फुटांचा तुकडा कापून खिडकीखाली आईच्या भाकरीसाठी बुटका ओटा करा, तिला स्टुलावर बसून थापता येईल अशा उंचीचा. पिठाला कडप्पा चालतो, माझ्या ॲसिडाने राखाडी झालेला असला तरी.

कालच फोनवर दादाला हे सांगितलं. म्हणाला, दोन उंचीचे दोन ओटे, दोन रंगांचे, लोक काय म्हणतील? मागून आईचा आवाज आला, "त्या खिडकीतून ऊन येतं का बघ म्हनावं आधी."