खाजेचे मूळ बांधावर

पावसाळ्यात निंदणीला जाणाऱ्या बाईच्या मानेला, पापण्यांना, कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटते. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. घरचे म्हणतात उष्णता झाली, शेजारी म्हणतात नायटा. मग मेडिकलमधून कुठली तरी ट्यूब आणायची. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, पुढे कातडी पातळ पडते.

पुष्कळदा हा इसब असतो अन् त्याचे कारण असते गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलेले हे गवत आज बांधाबांधावर आहे. त्यातले पार्थेनिन काहींच्या अंगाला सोसत नाही. वर्षानुवर्षे काही होत नाही, आणि एकदा का अंगाने ते धरले की वाऱ्याने उडालेल्या वाळक्या चुऱ्यानेही खाज उठते. हा इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्या बाईचे अंथरूण वेगळे करू नका.

माझी तक्रार ग्रामपंचायतींबद्दल आहे. गवत फुलून पांढरे झाले की मोहीम निघते, अन् रोजंदारीच्या बायका उघड्या हातांनी ते उपटतात. तोवर एकेका झाडाचे हजारो बी पडलेले असते! फुलाआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे पंचायतीने द्यावेत. त्याला असा किती खर्च येतो? मेक्सिकन भुंगे पाने खातात खरे, पण त्यांच्या भरवशावर बसू नये.

काम संपल्यावर अंग साबणाने धुवा. खाज थांबली नाही तर आरोग्य केंद्रात जा, आणि शेतात काय उपटत होता तेही डॉक्टरांना सांगा.