औंढ्याची प्रयोगशाळा आणि आपल्या वस्तीतला मुलगा



अंबरनाथला रुळांच्या कडेला राहणाऱ्या कुटुंबांना एक गोष्ट समजावून सांगायला नको. फास्ट गाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजतात. नवा पाहुणा दचकतो, आपल्याला त्याची सवय झालेली असते. या भांड्यांची आठवण आम्हाला परवा एका वेगळ्याच कारणाने झाली. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात 'लायगो-इंडिया' नावाची प्रयोगशाळा व्हायची आहे. तिच्यासाठी अशी जागा लागते, की जिथे आगगाडी, ट्रक, कारखाना यांचा हादरा शक्य तितका कमी पोहोचेल. आपल्या वस्तीतले कितीतरी लोक दुष्काळात ज्या मराठवाड्यातून इकडे पोट भरायला आले, त्याच मराठवाड्यातली शांत जमीन आता जगाच्या विज्ञानाला हवी आहे.

ही प्रयोगशाळा करणार काय? आइन्स्टाइनने १९१६ साली गणिताने मांडले होते, की प्रचंड वजनाच्या वस्तू एकमेकींभोवती वेगाने फिरल्या तर अवकाशालाच लाटा येतात. तळ्यात दगड टाकल्यावर पाण्याला येतात तशा. या गुरुत्वीय लहरी प्रत्यक्ष सापडायला जवळजवळ शंभर वर्षे गेली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो केंद्रांनी त्या पहिल्यांदा टिपल्या. एकशे तीस कोटी प्रकाशवर्षांहून दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती, त्याची ती लाट होती. २०१७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या कामाला मिळाले.

मोजण्याची रीत ऐका. काटकोनात दोन लांब नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर. आतली हवा काढून टाकलेली. लेसरचा एक किरण दोन भागांत विभागून दोन्ही नळ्यांत सोडायचा. टोकाच्या आरशावरून परत आलेले दोन्ही किरण एकमेकांना पुसून टाकतील अशी मांडणी करायची. लाट आली की एक बाजू किंचित ताणली जाते, दुसरी आखडते, हिशेब चुकतो आणि उजेड दिसतो. ही 'किंचित' म्हणजे प्रोटॉन नावाच्या सूक्ष्म कणाच्या रुंदीचा दहा हजारावा भाग. आपल्या अंबरनाथच्या कारखान्यांत ज्यांनी लेथवर आयुष्य काढले, मायक्रोमीटरने मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजला आणि तेवढ्या चुकीसाठी जॉब रिजेक्ट झालेला पाहिला, त्यांना या कामाची अवघडता प्राध्यापकांपेक्षा लवकर कळेल.

मग अमेरिकेत यंत्रे असताना इथे कशाला? एका कानाने आवाज ऐकू येतो, पण दिशा नीट कळत नाही. तसेच हे आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लाट आली तेव्हा इटलीतले केंद्रही चालू होते. तिन्ही ठिकाणच्या नोंदी जुळवून जागा हेरता आली आणि दुर्बिणींना तो प्रकाश दिसला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरीत तयार होतात याचा पुरावा त्यातून मिळाला. आपल्या आईच्या गळ्यातल्या मण्याचे सोने कधीकाळी अशाच एखाद्या टकरीत घडले असेल! भारतातले केंद्र सुरू झाले की दिशा आणखी नेमकी कळेल. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेचा या कामात मोठा वाटा आहे. ही संस्था उभी करणारे डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांनी विज्ञान मराठीत सांगितले, हे आपल्यावरचे ऋण आहे.

आता पैशाचा हिशेब. आम्ही बी.कॉम. आणि पेशाने कारकून. त्यामुळे नजर तिकडे आधी जाते. लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली. २६०० कोटींचा अंतिम निर्णय एप्रिल २०२३ मध्ये झाला. मध्ये सात वर्षे गेली. केंद्र २०३० च्या सुमारास सुरू होईल असे मंजुरीच्या वेळी सांगितले गेले. २०२३ मध्येच संशोधनाला पैसा देण्यासाठी 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन'चा कायदा झाला. पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणा झाली, पण त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून, उद्योगांकडून यायचा आहे. जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटींची आणखी एक योजना मंजूर झाली. ती मुख्यतः खासगी उद्योगांना संशोधनासाठी स्वस्त किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचे कर्ज देण्याची आहे.

हे आकडे वाचत असताना आमच्या वस्तीतला एक मुलगा भेटायला आला. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. मुलगा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन संशोधनाला लागला आहे. कनिष्ठ संशोधकाची फेलोशिप जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. कागदावर रक्कम चांगली. पण याच्या हातात पाच महिने एक पैसा आला नव्हता. खोलीचे भाडे आईने बचत गटातून कर्ज काढून भरले. तो विचारत होता, "काका, बँकेची परीक्षा देऊ का?" संस्थेचे नाव आम्ही लिहीत नाही; त्याला अजून तिथेच काम करायचे आहे.

आम्ही पटकन 'दे' म्हणणार होतो. कारण आमच्याही वेळी घरच्यांनी असेच सांगितले होते. सायन्सला खर्च फार, बी.कॉम. कर, नोकरी लागेल. नोकरी लागली, घर चालले, तक्रार नाही. पण एका पिढीने नाइलाजाने केलेली तडजोड दुसऱ्या पिढीला सल्ला म्हणून द्यायची का?

बाबासाहेबांनी याचे उत्तर फार आधी दिले आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी सरकारला निवेदन दिले. त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशास्त्र शिकण्यासाठी दरवर्षी २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये मागितले होते. नुसते वकील आणि पदवीधर होऊन भागणार नाही, विज्ञानाचे उच्च शिक्षण हवे आणि त्याचा खर्च सरकारने उचलायला हवा, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९९० च्या कायद्याने बौद्ध कुटुंबांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींचा हक्क मिळाला. हक्क मिळाला, आता तो वेळेवर मिळायला हवा. कामगाराचा पगार पाच महिने थकला तर गेटवर युनियन उभी राहते. संशोधक विद्यार्थ्यासाठी कोण उभे राहणार?

म्हणून आम्ही त्याला सांगितले, सोडू नकोस. वस्तीतल्या चार नोकरदारांनी मिळून त्याचे भाडे भरायचे ठरवले. फेलोशिप आली की तो ते परत करील आणि तोच पैसा पुढच्या मुलाला जाईल. रखडलेल्या रकमेची लेखी मागणी, तारखांसह आणि पोच घेऊन, कशी करायची तेही शिकवले. कारकुनाची विद्या अशा वेळी कामी येते.

आणखी एक विनंती. येत्या जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डीजेचा खर्च बाजूला काढा. त्या पैशात वस्तीतली वीस मुले मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची माहिती घेऊन, परवानगी काढून तिथे जाऊन येतील. अंबरनाथहून कुर्ला, तिथून हार्बरची गाडी. अंतर एवढेच आहे. नळीचा वेल्डर, यंत्राचा तंत्रज्ञ, गणित मांडणारी शास्त्रज्ञ, औंढ्याच्या प्रयोगशाळेला सगळेच लागतील. तिथे आपली मुले फक्त पहारेकऱ्याच्या गणवेशात दिसू नयेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.