हात लावला म्हणून बिघडलं?

दिवाळीच्या साफसफाईला गांधीबागेतल्या घरी गेलो होतो. माळ्यावर माझा जुना प्लेस्टेशन-२ सापडला. जाडजूड, काळा, वॉरंटीचं स्टिकर फाडलेला. चुलतभाऊ लगेच म्हणाला, "चिप टाकली होती ना बे याच्यात? म्हणून तर गेला."

इतकी वर्षं झाली, तरी निकाल तोच! डोकं सटकलं, म्हणून हे लिहितोय.

तर झालं असं होतं. २००६ साली गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडून मी त्यात चिप बसवून घेतली. तीन महिन्यांत 'डिस्क रीड एरर' सुरू. घरी एकमताने ठरलं, चिपनेच घात केला. मी तणतणत दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर काकांना वाट्टेल ते बोललो. ते म्हणाले, "उघडून तर पाहू दे बाबू." मी ऐकलं नाही. त्यांनी गुपचूप गल्ल्यातून पैसे काढून परत दिले.

आठवड्याने मी स्वतःच मशीन उघडलं. आधी थोडा विचार केला असता तर तमाशा टळला असता. डिस्क वाचतो तो लेझर. चिप फक्त 'डिस्क अस्सल आहे का, या प्रदेशाची आहे का' या तपासणीच्या मधे पडते. मग पहिली चाचणी सरळ आहे: चिप बंद करायची (बऱ्याच चिपमध्ये ती सोय असायची) आणि अस्सल डिस्क लावायची. माझी अस्सल डिस्कही चालेना. म्हणजे संशय चिपवरून ड्राइव्हवर. दुसरी चाचणी: निळ्या पाठीची सीडी चालते का, चंदेरी डीव्हीडी चालते का? सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर, डीव्हीडीला ६५० चा, आणि डीव्हीडीवरच्या खुणा खूपच बारीक. माझ्याकडे सीडी चालायची, डीव्हीडी अडखळायची. लेन्स पाहिली तर तिच्यावर तंतूंचा थर! आमच्या घराखाली कापडाचं गोदाम, दिवसभर गाठी उघडायचे. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लेन्स हलकेच पुसली, रुळावरचं वाळलेलं ग्रीस बदललं. झालं! पुढे चार वर्षं चालला. मी नोकरीला पुण्याला आलो तेव्हा माळ्यावर गेला. गेलेला नव्हताच हो तो!

आता कोणी म्हणेल, चिप नेहमीच निर्दोष असते का? मुळीच नाही. सोल्डरिंग करताना वायर सुटते, रिबन केबल तिरकी बसते. काही स्लिम मॉडेलमध्ये तर चिपनंतर लेन्सची कॉइल जळायची, म्हणून जाणकार कारागीर संरक्षणाचं सर्किट वेगळं लावायचे. पण हे बघून ठरवायचं असतं. आपण आधी ठरवतो आणि मग बघतच नाही.

दुसऱ्या टोकाला आपले जुगाडवीर. लेझरवरचा इवलासा स्क्रू फिरव, करंट वाढव, बघ कसा पळतो! पळतो, आणि थोड्याच दिवसांत लेझर कायमचा झोपतो. एक न बघता दोष देतो, दुसरा न बघता स्क्रू फिरवतो. फरक काय?

आणि हो, बहुतेकांनी चिप नकली डिस्कसाठीच बसवली, मीही. त्याचं समर्थन नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पण तो कायद्याचा प्रश्न झाला. पाप केलं म्हणून मशीन बंद पडलं, हे कीर्तनात ठीक आहे, दुरुस्तीच्या टेबलावर नाही.

आपण हापिसात वेगळं काय करतो? सर्व्हर पडला की आधी शेवटचा बदल कुणाचा ते शोधतो. शोधावाच, तो पहिला संशयित आहेच. पण लॉग न उघडता त्या पोराला मेलमध्ये सगळ्यांसमोर सोलणं, याला डीबगिंग म्हणत नाहीत. पुढच्या वेळी तो बदल करायलाच घाबरतो. आणि स्टिकर लावणाऱ्या कंपन्यांना नेमकं हेच हवं असतं, की आपण कशालाच हात लावू नये.

मशीन दुरुस्त झालं त्या दिवशीच मी दुकानात जायला हवं होतं. लाज वाटली, उद्या जाऊ म्हटलं. या दिवाळीत गेलो तर तिथे साड्यांचं दुकान आहे. काका कुठे गेले, कोणालाच सांगता आलं नाही. ते पैसे अजून माझ्याकडेच आहेत.

असो.