पियानोचे पाय आणि नर्तिकेचे पाय

व्हिक्टोरियन काळाचा विषय निघाला की कुणीतरी पियानोची गोष्ट सांगतोच. इंग्रज माणसे म्हणे इतकी सोवळी, की पियानोचे पायसुद्धा झालरीच्या कापडाने झाकून ठेवीत. वास्तविक ही गोष्ट इंग्रजांविषयीची नव्हेच. कॅप्टन फ्रेडरिक मॅरिअट या इंग्रज लेखकाने १८३९ मध्ये अमेरिकेच्या प्रवासवर्णनात ती अमेरिकनांची टिंगल करण्यासाठी लिहिली आणि कालांतराने ती त्याच्याच देशबांधवांच्या गळ्यात पडली. या दंतकथेशेजारी मला एक साधे वास्तव ठेवायचे आहे. राणीच्या कारकिर्दीच्या अखेरच्या दशकात लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये अल्हाम्ब्रा आणि एम्पायर ही दोन मोठी नाट्यगृहे रात्रीमागून रात्र बॅले दाखवीत होती. रंगमंचावर गुडघ्यापर्यंतच्या घेरातल्या नर्तिकांच्या रांगा असत आणि प्रेक्षागृह भरत असे.

ही दोन्ही नाट्यगृहे म्हणजे ऑपेराची राजमान्य मंदिरे नव्हेत. ती म्युझिक हॉल होती. १८४३ च्या नाट्यगृह कायद्यामुळे अशा ठिकाणी संवादांचे रीतसर नाटक करता येत नसे. बॅलेला शब्दच लागत नाहीत. त्यामुळे कसरतपटू आणि विनोदी गायक यांच्यामध्ये बॅलेला हक्काची जागा मिळाली. एम्पायरची नृत्ये काटी लॅनर ही व्हिएन्नाची बाई बसवीत असे. तिच्या नृत्यशाळेतल्या मुलींना लहान वयातच रंगमंचावर काम मिळे.

आता घेराकडे वळू. १८३२ मध्ये पॅरिसला मारी ताल्योनीने 'ला सिल्फीद' नाचून दाखवले, तेव्हाचा पांढरा तलम घेर घोट्याच्या जरासा वर थांबत असे. पुढच्या पन्नास वर्षांत तो वर सरकत गेला. पुष्कळांना यात प्रेक्षकांची वाढती लालसा दिसते, आणि ती नव्हती असे मी म्हणणार नाही. पण एवढ्यावर थांबणारे स्पष्टीकरण मला आळशी वाटते. त्याच काळात मिलानच्या परंपरेतल्या नर्तिका कडक टोकाच्या बुटांवर अशा गिरक्या घेऊ लागल्या होत्या, ज्या आधीच्या पिढीला साध्य नव्हत्या. पिएरिना लेन्यानी एका पायावर सलग बत्तीस फुएत्ते घेत असे. १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या 'स्वान लेक'मधून त्या अजरामर झाल्या, पण त्याआधीच १८९२ मध्ये अल्हाम्ब्राच्या प्रेक्षकांनी तिचे हे कसब पाहिले होते. त्या गिरकीचा सारा जीव गुडघा आणि मांडी यांच्या हालचालीत असतो. लांब घेरात ती दिसणारच नाही. १८८५ मध्ये रशियात गेलेल्या व्हर्जिनिया झुक्कीने तिथला लांब घेर नाकारून आखूड घेराचा हट्ट धरला, असे सांगतात. मल्लाने लंगोट कसावा तितकीच ही व्यवहाराची बाब होती. शिवाय 'उघडे' म्हणून ज्या पायांवर टीका होई ते उघडे नसतच. ते त्वचेच्या रंगाच्या घट्ट मोज्यांत नखशिखांत झाकलेले असत.

आता दिवे रंगमंचावरून प्रेक्षागृहाकडे फिरवा. १८८५ च्या सुमारास तिथे बसलेल्या प्रतिष्ठित बाईच्या अंगावर कॉर्सेट, पाठीमागे फुगवटा देणारा बसल आणि त्यावर मीटरच्या मीटर कापड. हे ओझे इतके होते, की १८८१ मध्ये स्थापन झालेल्या रॅशनल ड्रेस सोसायटीला स्त्रीच्या आतल्या कपड्यांचे एकूण वजन सात पौंडांहून अधिक नसावे, अशी मागणी करावी लागली. म्हणजे सुधारकांची सवलत तीन किलोंच्या वर! पण याच बाईला राणीच्या दरबारात हजर व्हायचे असेल, तर नियमानुसार खोल गळ्याची, आखूड बाह्यांची चोळी घालणे भाग होते. गळाबंद पोशाखासाठी प्रकृतीचे कारण सांगून आगाऊ परवानगी मिळवावी लागे. म्हणजे खांदे आणि उरोभाग उघडा टाकणे हा शिष्टाचार, आणि मोज्यात गुंडाळलेली पोटरी हा अनाचार. किती कापड हा प्रश्न कधी नव्हताच. कोण दाखवते, कुठे दाखवते आणि त्याचे पैसे घेते का, हा होता.

१८९४ चे एम्पायर प्रकरण मला याचसाठी महत्त्वाचे वाटते. लॉरा ऑर्मिस्टन चँट या स्त्रीहक्कांच्या आणि मद्यपानविरोधी चळवळीतल्या कार्यकर्तीने लंडन काउंटी कौन्सिलपुढे एम्पायरच्या परवान्याला हरकत घेतली. तिचा मुख्य रोख वरच्या मजल्यावरील प्रॉमनेडवर होता; उंची पोशाखातल्या वेश्या तिथे गिऱ्हाइकांच्या शोधात फिरत. काही नर्तिकांच्या वेशालाही तिचा आक्षेप होता. पाहणीसाठी ती स्वतः तिथे गेली, आणि आपण उठून दिसू नये म्हणून संध्याकाळचा उंची झगा घालून गेली. या तपशिलावर मी पुष्कळ दिवस अडखळलो. सज्जन बाई आणि बाजारबसवी पोशाखावरून वेगळ्या ओळखू येत नाहीत, हेच तर तिने नकळत सिद्ध केले. त्या इमारतीत जिचा पोशाख तिचा व्यवसाय बिनचूक सांगत होता अशी नर्तिकाच काय ती होती.

'पंच' साप्ताहिकाने चँटबाईंना नाक खुपसणारी म्हातारी म्हणून चितारले आणि आजही बहुतेक लेखांत त्या तशाच भेटतात. मला हा अन्याय वाटतो. बायकांच्या शरीरावर पुरुषांचा धंदा चालतो, हे त्यांनी उघड बोलून दाखवले. चुकल्या त्या इथे, की नाट्यगृह बंद पडले तर रोजी पहिल्यांदा कुणाची जाईल, हा प्रश्न त्यांच्या हिशेबात दुय्यम राहिला. परवान्यावर अट आली, नाट्यगृह काही दिवस बंद राहिले, प्रॉमनेडपुढे तात्पुरते आडोसे उभारून पुन्हा उघडले. ३ नोव्हेंबरच्या रात्री तरुणांच्या जमावाने ते आडोसे मोडून काढले. त्यांत सँडहर्स्टचा एकोणीस वर्षांचा कॅडेट विन्स्टन चर्चिल होता, आणि त्याने तिथे भाषणही ठोकले. स्वातंत्र्य म्हणजे काय, हे ठरवायला शेवटी प्रॉमनेडवरचे ग्राहकच पुढे आले. नर्तिकांना कुणी विचारल्याचे दिसत नाही.

त्यांना विचारणारा एक माणूस होता, आणि तो पाद्री होता. स्ट्यूअर्ट हेडलॅम यांनी नाट्यगृहांची बाजू घेणारे व्याख्यान दिले म्हणून १८७८ मध्ये त्यांची बेथनल ग्रीनची नेमणूक गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी चर्च अँड स्टेज गिल्ड स्थापन केली. नर्तिका कष्टकरी आहे आणि तिची कला शास्त्रशुद्ध आहे, हे त्यांचे म्हणणे. म्हणूनच १८८८ मध्ये त्यांनी नृत्यशास्त्रावरचे पुस्तक संपादित केले. पाद्रीबुवा टाचांच्या आणि चवड्यांच्या स्थिती समजावून सांगताहेत, हे चित्र मला फार आवडते.

घेराची एक बाजू मात्र भयाण आहे. तो टार्लाटन नावाच्या विरळ, कडक सुती कापडाचा असे आणि पायाशी गॅसचे दिवे जळत. १८६२ मध्ये पॅरिसच्या ऑपेरातली तरुण नर्तिका एम्मा लिव्री तालमीत पेटली आणि आठ महिन्यांनी गेली. आग न लागणारे प्रक्रिया केलेले कापड तेव्हा उपलब्ध होते. ते मळकट दिसते म्हणून तिने नाकारले होते. ही तिची मर्जी होती असे म्हणणे सोपे आहे. पण शुभ्र तरंगत्या आकृतीसाठीच जिला नोकरीवर ठेवले होते, तिच्या मर्जीला मर्जी म्हणावे का?

विजेचे दिवे आले तशी वस्त्रेही बदलली. गेइटी नाट्यगृहातल्या केट व्हॉनने लांब घेर हातांनी झुलवत नाचण्याची 'स्कर्ट डान्स' ही रीत आधीच लोकप्रिय केली होती. लेटी लिंडने ती पुढे नेली. अमेरिकन लोई फुलरने तर शेकडो वार रेशमावर रंगीत प्रकाश टाकून १८९२ मध्ये पॅरिसला वेड लावले. तिच्या आत्मकथनानुसार या नृत्याची सुरुवात हिंदुस्थानातून भेट आलेल्या एका तलम रेशमी घेरापासून झाली. ती बाई गोष्टी रंगवून सांगण्यात तरबेज होती, तेव्हा हेही त्याच हिशेबाने घ्यावे. इकडे लंडनमध्ये खानदानी घरांतल्या लेकीसुना बारीक चुण्यांचे घेर शिवून घेऊन स्कर्ट डान्सच्या शिकवण्या लावत होत्या आणि धर्मादाय कार्यक्रमांत, ओळखीच्या मंडळींसमोर, तो हौसेने नाचत होत्या. बिनपगारी, अर्थात.