डाव्या हाताचं जॅकेट

जून उजाडला की आपल्याकडे मागणीपत्रांची घाई सुरू होते. शाळा उघडतात, नवी मुलं येतात, संस्थेचे सचिव विचारतात, "सर, तलवारबाजीचे किती सेट लागतील?" आपण आकडा सांगून मोकळे होतो. दहा, बारा, फार तर पंधरा. मापं सांगायची राहून जातात. या न सांगितलेल्या मापांबद्दल आज लिहितो आहे, कारण ती चूक मी स्वतः केली आहे आणि तिचा वळ एका मुलीच्या खांद्याखाली कितीतरी दिवस होता.

मराठवाड्यातल्या आमच्या शहरात, मुकुंदवाडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी तेव्हा संध्याकाळची तुकडी घ्यायचो. वर पत्रे, बाहेर जालना रोडची वर्दळ, चिकलठाणा एमआयडीसीतली पाळी सुटली की डबा हातात घेऊनच मुलांना न्यायला येणारे पालक. सातवीतली एक मुलगी डावखुरी होती. हात चपळ, पाय त्याहून चपळ. किट आलं तेव्हा तिच्या उंचीचं एक जॅकेट निघालं आणि मी ते तिला दिलं. चेन कुठल्या बाजूला आहे हे मी पाहिलंच नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या जॅकेटची चेन डाव्या बाजूला असते, कारण खेळताना त्याची उजवी बाजू समोर येते आणि उघडणारी बाजू मागे राहते. तेच जॅकेट डावखुऱ्याच्या अंगात घातलं की उघडणारी बाजू नेमकी प्रतिस्पर्ध्याच्या टोकासमोर येते. तिसऱ्या आठवड्यात जोडीदाराच्या फॉईलचं टोक चेनच्या पट्टीखाली शिरलं आणि आतल्या टी-शर्टवरून घासत गेलं. त्या दिवशी तिने जॅकेटच्या आतली अर्धी बंडी, म्हणजे प्लॅस्ट्रॉन, हीही घातली नव्हती. उकडत होतं म्हणून मीच सूट दिली होती. जखम खोल नव्हती. पण ते टोक आणखी चार बोटं वर गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजूनही रात्री मनात येतो.

ही गोष्ट सांगताना संकोच वाटतो, तरी सांगतो. नंतर राज्यभरातल्या शिबिरांत मी मुद्दाम पाहत गेलो आणि उजव्या हाताच्या जॅकेटात खेळणारी डावखुरी मुलं मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसली. दहा-बारा मुलांमागे एक तरी डावखुरं निघतंच. आपण मात्र सगळी जॅकेटं एकाच बाजूची मागवतो, आणि तक्रार करता येण्याइतकी समज त्या मुलाला नसते.

आपल्या शहराला या खेळाची बऱ्यापैकी ओळख आहे. विद्यापीठाच्या परिसरातल्या भारतीय खेळ प्राधिकरणाच्या केंद्रात तलवारबाजी शिकवली जाते आणि तिथल्या मुलांच्या अंगावरचा पोशाख पाहून गल्लीतल्या पोरांना हा खेळ आवडू लागतो. आधी आवडतो तो पोशाखच. पांढरंशुभ्र जॅकेट, जाळीचा मास्क, त्यावर चढवायचं, दिव्याखाली चमकणारं चंदेरी लामे. या आकर्षणाला मी कधी कमी लेखत नाही. ज्या मुलाला आपला पोशाख आवडतो ते मूल तो जपतं, घडी घालतं, वेळेवर धुऊन आणतं. दिसण्याची हौस आणि अंगाचं रक्षण यांत भांडण नाही. भांडण लावतो आपण, खरेदी करताना क्रम उलटा लावून. आधी संघाच्या फोटोत दिसेल ते घेतो: एकसारख्या बॅगा, रंगीत पट्ट्याचे मास्क, पाठीवर शाळेचं नाव. आणि पैसे संपले की न दिसणाऱ्या वस्तूंवर काट मारतो. प्लॅस्ट्रॉन आणि मुलींचे चेस्ट गार्ड नेहमी याच काटीत जातात.

प्लॅस्ट्रॉन म्हणजे जॅकेटच्या आत हत्याराच्या बाजूला घालायची अर्धी बंडी. ती कुणाला दिसत नाही. जॅकेटची शिवण उसवली, चेन सरकली, पातं मोडून टोकदार झालं, तर शरीर आणि पोलाद यांच्यामध्ये शेवटी तीच उरते. म्हणूनच तिला हत्याराच्या हाताच्या काखेत शिवण ठेवत नाहीत. जॅकेट आणि ब्रीचेस टोक अडवण्याच्या ताकदीप्रमाणे दोन दर्जांत मिळतात, 350 न्यूटन आणि 800 न्यूटन. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला 800 लागतं, शाळेच्या सरावाला 350 चालतं. पैसे थोडे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: जॅकेट 350 चं घ्या, पण प्लॅस्ट्रॉन 800 चाच घ्या, आणि प्रत्येक मुलाला वेगळा घ्या. लामे नंतर येऊ द्या. खरं तर नव्या केंद्राने इपी या हत्यारापासून सुरुवात केली तर लामेचा खर्चच वाचतो, कारण इपीत सगळं शरीर लक्ष्य असतं आणि वीज वाहणारं जॅकेट लागत नाही.

हे न्यूटनचे आकडे कुठून आले हे मुलांना सांगायला हवं, असं मला वाटतं. 1982 च्या जुलैमध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव्ह आणि पश्चिम जर्मनीचा मॅथियास बेर फॉईल खेळत होते. स्मिर्नोव्ह 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता. बेरचं पातं मोडलं आणि मोडकं टोक मास्कच्या जाळीतून डोळ्यात शिरलं. काही दिवसांनी स्मिर्नोव्ह गेला. त्यानंतर मास्कची जाळी अधिक मजबूत झाली, जॅकेटात केव्हलारसारखं कापड आलं, पात्यांसाठी मॅरेजिंग पोलाद आलं. आज आपण ज्या तक्त्यावर बोट ठेवून साहित्य मागवतो, तो तक्ता एका खेळाडूच्या मृत्यूनंतर कडक झाला आहे.

आता मास्क. दुकानात मास्क डोक्यावर चढवून आरशात पाहतात, तसं करू नका. मुलाला मास्क घालायला सांगा, मान खाली घालून जोरात हलवायला सांगा. मास्क हलला तर माप चुकलं. हनुवटी आत टेकली पाहिजे, मागची पट्टी डोक्याच्या गोलाईला चिकटली पाहिजे. जुन्या मास्कच्या जाळीवर सगळीकडून अंगठा दाबून पाहा. स्पर्धेच्या ठिकाणी तपासनीस 12 किलोच्या दाबाचा पंच वापरतात, आपल्याकडे तो नसतो, पण अंगठ्याखाली जाळी दबली किंवा गंजाची पूड हाताला लागली तर तो मास्क कपाटात परत ठेवायचा नाही. भिंतीवर टांगा, शोभेला ठेवा, मुलाच्या डोक्यावर ठेवू नका. आणि दोन मुलांनी एक घामेजलेला मास्क वापरायचा ही सवय तर मोडलीच पाहिजे. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जातो. पत्र्याखालच्या हॉलमध्ये तासाभराने मास्कची आतली गादी पिळून पाणी निघतं. तोच मास्क पुढच्या मुलाच्या तोंडावर चढवताना आपल्या हातांना काही वाटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

हातमोज्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हौस आणि रक्षण यांचा सांधा मला इथेच सर्वांत नीट दिसतो. गोल्फचा खेळाडू एकाच हातात मोजा घालतो तो मूठ घसरू नये म्हणून. क्रिकेटचा फलंदाज दोन्ही हातांत घालतो तो बोटं वाचावीत म्हणून. तलवारबाजही एकाच हातात घालतो, पण त्याला दोन्ही कामं करून हवी असतात. त्याच्या मोज्याचा घेर मनगटावर संपत नाही, तो मनगट आणि कोपर यांच्या साधारण मध्यापर्यंत चढतो आणि जॅकेटच्या बाहीवरून बसतो. बाहीच्या आत नव्हे, वरून. आत खोचला की बाहीचं तोंड उघडं राहतं आणि समोरच्याचं टोक सरळ कोपरापर्यंत धावतं. मुलांना मोजा आत खोचायला आवडतं, कारण तसं ते नेटकं दिसतं. मी त्यांना दांडपट्ट्याचा खोबळा दाखवतो. पट्ट्याची मूठ म्हणजे लोखंडी खोबळा, हात आत घालून आडवी दांडी धरायची, आणि खोबळा मनगट झाकून वर हातावर चढतो. आपल्या मावळ्यांच्या पट्ट्याला हे शेकडो वर्षांपूर्वी कळलं होतं. 2024 मध्ये राज्याने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. तेव्हा आमच्या तुकडीत मी एक जुना खोबळा आणून मुलांच्या हातात दिला होता. त्यावर कोरलेली फुलं होती, वाघाचं तोंड होतं. केवढा देखणा! ती सगळी कलाकुसर होती हाताला झाकणाऱ्या पत्र्यावरच. त्या दिवसापासून मोजा आत खोचणारं एकही पोर मला दिसलं नाही.

मुलींच्या चेस्ट गार्डबद्दल आपण प्रशिक्षक मोकळेपणाने बोलत नाही. नियमाप्रमाणे तिन्ही हत्यारांत मुलींना तो सक्तीचा आहे. केंद्रात दोन-तीन गार्ड असतात, एकाच मापाचे, कोपऱ्यात पडलेले. मुलगी लाजते, पुरुष प्रशिक्षक लाजतो, आणि गार्ड न घालताच सराव होतो. यावर उपाय अवघड नाही. शाळेतल्या एखाद्या बाईंना किंवा मोठ्या खेळाडू ताईला माप घेण्याचं काम द्या, तीन मापांचे गार्ड ठेवा, प्रत्येकीचा गार्ड तिच्या नावाच्या पिशवीत द्या. आमच्याकडे हे सुरू केल्यावर एका आईने मला थांबवून म्हटलं, "सर, पोरगी दोन महिन्यांपासून छातीत दुखतंय म्हणायची, मला वाटलं अभ्यास टाळते." मला तिच्याकडे बघवलं नाही.

आणखी एक प्रसंग. वाढत्या अंगाचं म्हणून मोठं जॅकेट घ्यायचं आणि शिंप्याकडे नेऊन आवळायचं, ही आपली घरगुती रीत. शाळेच्या गणवेशाला ती ठीक आहे. मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला एक शिंपी आहेत, हात फार सफाईदार. मी त्यांना एक जॅकेट दिलं, खांदे आणि बगल आवळायला सांगितलं. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, या म्हणून. गेलो तर जॅकेट मशीनवर उलटं करून ठेवलेलं. म्हणाले, "सर, बाहीच्या आत अजून एक कापड आहे, बगलेपासून कोपरापर्यंतच. ते काढलं तर फिटिंग एकदम मस्त बसेल. काढू का?" बगलेतलं ते दुहेरी कापड म्हणजेच त्या जॅकेटचा प्राण. त्यांनी विचारलं म्हणून वाचलं. न विचारता कापणारा शिंपी मिळाला असता तर जॅकेट दिसायला नामी झालं असतं आणि मी ते आनंदाने एका मुलाच्या अंगात चढवलं असतं. तेव्हापासून बगल, बाही आणि गळा यांना सुई लावायची नाही असा नियम आम्ही केला. कंबरेची पट्टी आणि ब्रीचेसचे बंद यांच्यापलीकडे शिंप्याकडे काही जात नाही. आणि जॅकेटची उंची पाहताना मुलाला सरळ उभं करू नका, पवित्र्यात उभं करा. गुडघे वाकले, हात पुढे गेला, की जॅकेट वर सरकतं. त्या स्थितीत ते ब्रीचेसवर निदान 10 सेंटीमीटर यायला हवं. सरळ उभं राहून मापलेलं जॅकेट पहिल्याच लंजला पोट उघडं पाडतं.

धुण्याबद्दल पालकांना चिठ्ठी लिहूनच द्या. आपल्या आया कपडे पांढरे व्हावेत म्हणून ब्लीच घालतात आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवतात. मायेनेच करतात. पण केव्हलारसारख्या कापडाला क्लोरीन आणि ऊन दोन्ही मारक. मराठवाड्याच्या उन्हात वारंवार वाळवलेलं जॅकेट वरून झकास दिसतं, आतला धागा मात्र कमजोर होत जातो. कोमट पाणी, साधी साबण पावडर, सावलीची दोरी, एवढंच पुरे. लामे घामाच्या मिठाने गंजतं. ते घडी घालून बॅगेत कोंबू नका, घरी गेल्याबरोबर हँगरला लावा. हिरवट डाग दिसले की त्या जागेचा दिवा लागणं बंद होतं आणि समोरचं मूल हक्काचा गुण गमावतं.

रंगाचा प्रश्न पत्रांतून वारंवार येतो. नियम काळा सोडून इतर रंगांना परवानगी देतो. माझा कल पांढऱ्याकडे आहे, कारण पांढऱ्यावर उसवलेली शिवण, रक्ताचा ठिपका, फाटकं टोक लगेच दिसतं. पण मुलांना पायमोज्यांच्या जोडीत, मास्कच्या पट्टीत, बॅगेवर हवा तो रंग घेऊ द्या. भवानी देवीने चेन्नईत बांबूच्या काठीने सराव सुरू केला होता आणि 2021 मध्ये टोकियोत ती ऑलिम्पिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. सांगायलाच हवं. पण बांबूची काठी ही अडचण होती, आदर्श नव्हे. "तिने काठीवर भागवलं, तुम्ही प्लॅस्ट्रॉनशिवाय भागवा" असा अर्थ त्यातून काढणारे लोक मला संस्थांच्या बैठकांत भेटले आहेत. त्यांच्यापुढे आपल्याला ठामपणे उभं राहावं लागेल.

यंदाची मागणी लिहायच्या आधी तुकडीला एका रांगेत उभं करा. छाती, कंबर, डोक्याचा घेर, बाहीची लांबी आणि कुठल्या हाताने खेळतो, एवढं एका वहीत लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्या केंद्रात डावखुऱ्यांची दोन जॅकेटं आता रिकामी आहेत, छाती 32 आणि 34, दोन्हींची चेन उजवीकडे. ती मुलगी आता मोठ्यांच्या मापात गेली. ज्यांच्याकडे डावखुरं मूल आहे आणि जॅकेट यायला वेळ आहे, त्यांनी एखाद्या संध्याकाळी हॉलवर यावं आणि घेऊन जावं.