लिपी टिकली, भाषेचे काय?

भाषेला लिपी आणि छापखाना लाभला की तिचे भवितव्य सुरक्षित झाले, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. अमेरिकेतील चेरोकी लोकांचा इतिहास या समजाला छेद देतो.

चांदीकाम करणाऱ्या सिक्वोया या चेरोकी गृहस्थास इंग्रजी वाचता येत नव्हते. तरीही १८२१ च्या सुमारास त्याने स्वभाषेसाठी लिपी सिद्ध केली. तीत प्रत्येक संपूर्ण अक्षरास एक चिन्ह आहे. देवनागरीत 'ग'ला मात्रा वा वेलांटी दिली की 'गे', 'गी' होतात. चेरोकीत या दोहोंच्या आकृत्यांत काहीच साम्य नाही. अशी ८५ चिन्हे पाठ करणे रोमन वर्णमालेपेक्षा जड वाटेल. परंतु ती पाठ झाली की चेरोकीभाषक वाचू लागे. स्पेलिंग घोकण्याचे कष्ट त्याला पडत नसत. त्यामुळे पगारी शिक्षकांवाचूनही ही लिपी काही वर्षांतच घरोघर पोहोचली. १८२८ मध्ये जॉर्जियातील न्यू एकोटा येथून 'चेरोकी फिनिक्स' हे द्विभाषी वृत्तपत्र निघू लागले.

या साक्षरतेने त्यांची जमीन मात्र वाचली नाही. १८३० च्या कायद्याचा आधार घेऊन १८३८-३९ मध्ये त्यांना बळाने पश्चिमेकडे हलविण्यात आले. त्यात सुमारे चार हजार माणसे दगावली, असा अंदाज केला जातो. नव्या प्रदेशातही त्यांनी शासनसंस्था उभारली आणि १८४४ मध्ये पुन्हा वृत्तपत्र काढले. लिपी तगली, कारण कायदे, पत्रव्यवहार आणि धर्मग्रंथ यांसाठी ती नित्य लागत होती.

खरा आघात पुढे झाला. १८९८ च्या कायद्याने जमातींची न्यायालये रद्द झाली आणि १९०७ मध्ये तो प्रदेश ओक्लाहोमा राज्यात विलीन झाला. शाळा, कचेरी व नोकरी यांची भाषा इंग्रजी ठरताच चेरोकी शिकण्याचा व्यावहारिक लाभ आटला. १९९९ मध्ये या लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले, पुढे ती मोबाइलवरही आली. तथापि २०१९ मध्ये चेरोकी शासनसंस्थांना भाषेसाठी आणीबाणी जाहीर करावी लागली.

सुलभ लिपीमुळे साक्षरतेचा खर्च घटतो, हे निर्विवाद. पण त्या साक्षरतेचे मोल शाळा, न्यायालय आणि रोजगार ठरवितात. भाषासंवर्धनाच्या योजना आखणाऱ्यांनी पुस्तके व संगणकीय अक्षरे यांवर खर्च जरूर करावा; परंतु ती भाषा जाणणाऱ्यास कोणते काम मिळणार, याचे उत्तर त्यांनी आधी दिले पाहिजे.